सोबत नावाचा रकाना

१

संध्याकाळी आईचा फोन यायचा तेव्हा मी नेमकी सिंगापूरच्या बुकित पंजांग भागातल्या एलआरटीत, उंचावरून धावणाऱ्या छोट्या रेल्वेत असायचे. पुण्यात ती चहाची वेळ. फोन खांद्यात धरून ती चहा गाळायची आणि बोलायची, त्यामुळे प्रत्येक प्रश्नाच्या मागे गाळणी आपटल्याचा आवाज असायचा.

"निघालीस?"

"कधीच. पोचतेय."

"सोबत कोण आहे?"

"आहे गं. ऑफिसमधली एकजण आहे."

नसायचं कुणीच. पण 'एकटी आहे' म्हटलं की बाबांपर्यंत जायचं, आणि बाबांनी मला शिक्षण संपल्यावर इथे नोकरी करू दिली ती एका अटीवर. वर्षभर बघू, काही वेडंवाकडं झालं तर सरळ परत यायचं. ही अट आधी नुसती म्हणण्यापुरती होती. मग त्या डिसेंबरात दिल्लीची ती बातमी आली आणि आईचा हा प्रश्न रोजचा झाला. मीही रोज तेच उत्तर द्यायला लागले.

'सोबत' या शब्दाची मला लहानपणापासून चीड आहे. क्लासला चाललीस, सोबत कोण? दुकानात चाललीस, भावाला घेऊन जा सोबत. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान, त्याचं नाक मी पुसायचे, आणि सोबत तो! सिंगापूरला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात अंधार पडल्यावर एकटी चालत घरी आले, एकदाही मागे वळून बघितलं नाही, आणि खोलीत येऊन रडले. दुःखानं नाही. इतकी साधी गोष्ट, आणि ती मला चोविसाव्या वर्षी, समुद्र ओलांडल्यावर मिळावी, म्हणून.

आमच्या एलआरटीची एक गंमत आहे. तिचा मार्ग काही ठिकाणी ब्लॉकच्या, म्हणजे राहत्या इमारतींच्या, इतका जवळून जातो की लोकांच्या शेगडीवर काय शिजतंय ते दिसावं. म्हणून ती जागा आली की गाडीच्या काचा आपोआप पांढऱ्या होतात, दुधासारख्या. ब्लॉक मागे पडला की पुन्हा स्वच्छ. नवे लोक दचकतात, जुने मान वर करत नाहीत. मला मात्र दर वेळी बरं वाटायचं. अनोळखी माणसांच्या घरात डोकावायचं नाही म्हणून आख्खी गाडी डोळे मिटून घेते. माणसांनी, यंत्रांनी, सगळ्यांनी असंच वागलं पाहिजे, असं माझं ठाम मत होतं.

आणि मी नोकरी करत होते ती नेमकी याच्या उलट.

२

पाया लेबारला आमचं छोटं ऑफिस होतं आणि आमचं काम मॉलमधली माणसं मोजणं. आम्ही माणसं बघत नव्हतो, त्यांचे फोन ऐकत होतो.

प्रत्येक फोनला कारखान्यातच एक पत्ता मिळतो. तो फोनच्या वायफायच्या भागात कायमचा बसवलेला असतो. सिमकार्ड बदला, नंबर बदला, देश बदला, तो बदलत नाही. आणि खिशात पडल्या पडल्या फोन सतत हाका मारत असतो: ओळखीचं वायफाय आहे का कुणी? प्रत्येक हाकेत स्वतःचा पत्ता सांगतो. छतावर लावलेले आमचे डबे त्या हाका ऐकायचे. कोण कधी आलं, कुठल्या दुकानासमोर रेंगाळलं, परत कधी आलं, सगळं कळायचं.

"आपण नाव कुठे घेतो?" निशिकांत म्हणायचे. ते नाशिकचे, कंपनी त्यांची. सर म्हटलेलं त्यांना चालत नसे. "पत्तासुद्धा जसाच्या तसा ठेवत नाही. कांडून ठेवतो."

कांडणं म्हणजे एक ठरलेली कृती होती. तिच्यात पत्ता घातला की भलतीच अक्षरं बाहेर पडायची, आणि त्या अक्षरांवरून मूळ पत्ता काढता यायचा नाही.

"पण त्याच फोनची दर वेळी तीच अक्षरं येतात," मी म्हणायचे. "मग तेच त्याचं नाव झालं ना? आणि हे नाव त्या माणसाला बदलताही येत नाही. त्याला माहीतसुद्धा नाही की ते आहे!"

"झालं हिचं सुरू," निशिकांत म्हणायचे आणि चहा प्यायला निघून जायचे.

एका सोमवारी मी ठरवलं की आता वाद घालायचा नाही, दाखवायचं. एक फोन निवडायचा आणि महिन्याभराच्या हाकांवरून सांगायचं की हे माणूस कुठे काम करतं, कधी जेवतं, कुणाशी बोलताना रेंगाळतं. दुसऱ्याचा फोन घेणं पटेना, म्हणून स्वतःचाच घेतला. आमचं ऑफिस मॉलच्याच वर होतं, त्यामुळे मी रोज डझनभर डब्यांखालून जायचे. स्वतःचा पत्ता कांडला आणि मोजणीत शोधला.

मी नव्हतेच.

कच्च्या हाकांमध्ये होते. रोज, सगळीकडे. पण माणसांच्या मोजणीत माझी ओळ गाळलेली होती. कारण शेवटच्या रकान्यात होतं.

निशिकांतनी पहिला प्रोग्रॅम एका मित्राबरोबर लिहिला तेव्हा रकान्यांना मराठी नावं दिली होती: आला, गेला, थांबला, सोबत. पलीकडच्या टेबलावरची वेइ लिंग त्याला 'सो-बॅट' म्हणायची. "वटवाघूळ आहे का तुमचं?" असं तिनं मला एकदा इंग्रजीत विचारलं होतं. हा सोबतचा रकाना दोन फोनवाल्यांसाठी होता. एक ऑफिसचा, एक घरचा असे दोन फोन बाळगणारा माणूस दोनदा मोजला जायचा. म्हणून नियम असा, की दोन फोन आठवडेच्या आठवडे जोडीनं फिरले तर ते एकाच माणसाचे. जो आधी दिसतो तो माणूस. मागून दिसतो त्याच्यापुढे सोबतच्या रकान्यात एकचा आकडा लिहायचा आणि त्याला गाळायचं.

माझ्यापुढे एक होता.

म्हणजे कुणीतरी होतं. मी येते तेव्हा येणारं, जाते तेव्हा जाणारं, मी थांबले की थांबणारं. माणूस म्हणून मोजलं जात होतं ते. आणि मी त्याची सोबत होते.

३

पहिला विचार सरळ होता: कुणीतरी पाठलाग करतंय. भीती वाटली, पण त्याहून जास्त संताप आला. पोलिसांत जायला इथे काही अडचण नव्हती. अडचण ही, की पोलिसांत गेले तर घरी सांगावं लागणार, आणि घरी सांगितलं की संपलंच. बाबा तिकीट काढून मोकळे.

म्हणून मी बघायला लागले. सरकत्या जिन्यावर अचानक मागे वळायचे. काचेत बघत चालायचे. फुलांच्या दुकानासमोर विनाकारण थांबायचे आणि माझ्यामागे कोण थांबतंय ते हेरायचे. कुणी थांबत नव्हतं. लोक मला वळसा घालून जात होते, तेही नेहमीपेक्षा जरा मोठा, असं वाटायचं. पण घाबरलेल्या माणसाला काहीही वाटतं, हे मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादीत तो असायचाच. फुलांच्या दुकानासमोर, थांबलेला. माझ्या किंचित आधी.

शेवटी चाचणीसाठी ठेवलेला एक डबा पिशवीत घालून घरी आणला. फ्लॅटमध्ये माझ्याशिवाय दोन नर्स राहायच्या. त्यांच्या ड्यूट्या अशा, की आम्ही एकमेकींना दाराजवळच्या चपलांवरून ओळखायचो. त्या संध्याकाळी दोघींच्याही चपला नव्हत्या. मी डबा खोलीतल्या टेबलावर ठेवला, लॅपटॉपला जोडला आणि पलंगावर बसले.

फोन आले भराभर. वरचे, खालचे, शेजारचे. प्रत्येकापुढे हाक किती जोरात ऐकू आली त्याचा आकडा. माझा होता. आणि तो होता.

आता हे कसं सांगू? मॉलमध्ये असणं वेगळं. इथे मी दाराला कडी लावली होती.

मला वाटलं, शेजारी असेल. भिंतीपलीकडे. म्हणजे कुणीतरी शेजारीच राहतं आणि पाया लेबारलाच कामाला जातं, इतकं साधं असू शकतं. फोन हातात घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. लॅपटॉपचा पडदा दारातून दिसत होता. माझी हाक क्षीण झाली, कारण मी डब्यापासून लांब आले होते. त्याचीही झाली. मी परत खोलीत आले. त्याची हाक मोठी झाली, मग माझी झाली.

या क्रमानं.

मी पलंगावर बसून डब्याकडे बघत राहिले. खोलीत आवाज होता तो पंख्याचा, आणि खाली कुणीतरी कपडे वाळत घालायचा बांबू खिडकीबाहेरच्या नळीत बसवत होतं त्याचा. टेबलाला एक खुर्ची होती. कपडे टाकायला म्हणून मी ती वापरायचे. त्या दिवशी त्यावर कपडे नव्हते. सकाळी मी ते घडी करून ठेवले असणार. आठवत नव्हतं.

डब्याला सगळ्यात जवळची वस्तू ती खुर्ची होती. आणि त्याचा आकडा माझ्यापेक्षा मोठा होता.

मी डबा बंद केला. मग पलंगाच्या भिंतीकडच्या टोकाला सरकून बसले, आणि का ते कळायच्या आत खुर्चीला जागा करून दिल्यासारखे पाय वर घेतले.

४

"काय झालं?" क्षितिज म्हणाला. "निशिकांतनी पुन्हा लोकशाही वाचवायला नाही म्हटलं का?"

क्षितिज डब्यांचं काम बघायचा. सांगलीचा. माझ्याच वयाचा, पण बोलणं असं की पन्नाशीचे मामा वाटावेत. मी सगळं सांगितलं. खुर्चीचं सोडून. तो ऐकता ऐकता गंभीर होईल असं वाटलं होतं, पण तो हसायला लागला.

"ए शहाणे. तुझ्या फोनला दोन पत्ते आहेत."

"काय?"

"एक कारखान्यातला. दुसरा फोन स्वतः बनवतो, दुसऱ्या फोनशी थेट बोलायला. पहिल्यातलंच एक अक्षर बदलतो, बाकी सगळं तेच. काही मॉडेल दोन्ही पत्ते ओरडत सुटतात. कांडल्यावर दोन्ही वेगळे दिसणारच. एक अक्षर बदललं तरी पीठ सगळं वेगळं पडतं."

"खरं सांगतोस?"

"करून बघ ना."

त्यानं माझा पत्ता कागदावर लिहिला, एक अक्षर खोडून दुसरं लिहिलं, आणि मी तो कांडला. बाहेर आलेली अक्षरं यादीतल्याशी ताडून बघितली. पहिलं जुळलं, दुसरं जुळलं, शेवटचं जुळलं.

तोच होता. म्हणजे मीच होते.

मी इतक्या मोठ्यानं हसले की वेइ लिंगनं हेडफोन काढला. "सो-बॅट कॅच ऑलरेडी आ?" ती म्हणाली, सापडलं का वटवाघूळ, अशा अर्थी. मग आम्ही तिघं खाली हॉकर सेंटरला, खाण्याच्या टपऱ्यांवर गेलो आणि मी सगळ्यांना थोसाई, म्हणजे इथला डोसा, खिलवली. क्षितिजनं माझी नक्कल करून दाखवली, मागे वळून वळून बघणारी. मला राग आला नाही. आठवडाभर छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं. सांबारसुद्धा त्या दिवशी बरं लागलं.

"पण मुद्दा माझाच सिद्ध झाला," मी म्हणाले. "मी या कंपनीत काम करते, मला हे सगळं कळतं, तरी माझ्याच खिशातून माझी किती नावं बाहेर पडतात ते मला माहीत नव्हतं. मग बाकीच्यांचं काय?"

"जेव की गं," क्षितिज म्हणाला.

त्या संध्याकाळी आईनं विचारलं, सोबत कोण आहे? मी म्हणाले, "आहे गं, पक्की सोबत आहे. सोडतच नाही." आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसले.

आई हसली नाही. "असू दे," म्हणाली. "बरंच आहे."

५

पण मला अर्धवट पटलेली गोष्ट चालत नाही. ही सवय वाईट आहे.

एकाच फोनचे दोन पत्ते, तर दोन्ही एकदम दिसायला हवेत. कधी हा आधी, कधी तो. हा नेहमी आधी का?

"डब्यांची घड्याळं पुढेमागे असतात," क्षितिज म्हणाला.

"मग सगळे डबे एकाच बाजूला कसे चुकतात?"

"तुला काय हवंय? भूत? सापडलंय ना कारण, मग घे ना ते."

मला भूत नको होतं. मला तो नसल्याची खात्री हवी होती. म्हणून दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर मी फोनचं मागचं झाकण काढलं, बॅटरी काढली, दोन्ही वेगवेगळे ड्रॉवरमध्ये ठेवले आणि ड्रॉवरला कुलूप लावलं. आता हाक मारायला काहीच उरलं नव्हतं. मग रोजच्या वाटेनं निघाले. फुलांच्या दुकानासमोर चपलेचा बंद निसटला, तो वाकून लावला आणि पुढे गेले. खिसा हलका होता. किती दिवसांनी मी खरंच एकटी चालले होते! मजा वाटत होती.

चोआ चू कांगला मेट्रोतून उतरून एलआरटी पकडली. गर्दी होती. ऑफिस सुटण्याची वेळ, लोक दारापर्यंत उभे. मला खिडकीजवळ जागा मिळाली आणि शेजारची जागा रिकामी राहिली. कुणी बसेना. एक म्हातारे काका हातात भाजीची पिशवी घेऊन सरकत सरकत आले, बसायला वाकले, आणि थबकले.

"सॉरी, सॉरी," असं म्हणून ते पुढे गेले आणि दांडी धरून उभे राहिले.

ते माझ्याकडे बघून म्हणाले नव्हते.

मी त्या जागेकडे बघितलं नाही. मान वळवता आली असती, वळवली नाही. समोरच्या खिडकीत बाहेरचा अंधार होता आणि गाडीतले दिवे. मग ब्लॉक जवळ आला आणि काचा पांढऱ्या झाल्या.

पांढऱ्या काचेत चेहरे दिसत नाहीत, नुसत्या सावल्या पडतात. माझी पडली होती. तिच्या शेजारी, रिकाम्या जागेवर, आणखी एक होती. माझ्याहून थोडी उंच, बसलेली. मान एका बाजूला कलती, हात कानाशी. मी आईशी बोलताना बसते तशी. काहीतरी ऐकत असल्यासारखी.

मी बघत राहिले. ती सावली हलली नाही. माझीही नाही.

काच स्वच्छ झाली. पलीकडच्या ब्लॉकमध्ये कुणीतरी दोरीवरचा टॉवेल काढत होतं.

उभ्या असलेल्या कुणाची सावली असेल. दिव्यांचा काही खेळ असेल. मी स्टेशन येईपर्यंत ही दोन वाक्यं मनात म्हणत राहिले. आमच्या ब्लॉकखाली आले तर लिफ्ट खालीच उभी होती, दार सताड उघडं, आत कुणी नाही. दार मिटत नव्हतं. कुणीतरी आतून बटण दाबून धरल्यासारखं ते माझी वाट बघत होतं.

मी जिन्यानं गेले. नऊ मजले.

६

सकाळी ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचले आणि यादी उघडली. माझ्या फोनची एकही हाक नव्हती. नसणारच.

तो होता. लिफ्टपाशी, सरकत्या जिन्यावर, फुलांच्या दुकानासमोर. तिथे तो थांबला होता. चपलेचा बंद लावायला जेवढा वेळ लागतो तेवढाच.

"स्वस्तातल्या फोनमध्ये एकच पत्ता दोन फोनना लागलेला असतो कधीकधी," क्षितिज म्हणाला. पण या वेळी तो हसत नव्हता, आणि ड्रॉवरच्या कुलपाकडे दोनदा बघून झालं होतं त्याचं.

मी बॅटरी बसवली. फोन सुरू झाला आणि थरथरतच राहिला. आईचे न घेतलेले फोन, एकावर एक, संपेनात. मी जिन्यात जाऊन फोन लावला. पुण्यात पहाट होती. पहिल्याच रिंगला उचलला.

"कुठे होतीस तू? रात्रभर डोळा नाही लागला माझा. सोबत कोण होतं? त्या मुलीचा नंबर दे मला आधी."

"कुठल्या मुलीचा?"

"तुझ्यासोबत असते ती!"

माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं.

"कुणी नसतं, आई. कधीच कुणी नव्हतं. मी रोज एकटी येते. तुला खोटं सांगत होते. मला एकटीनं चालायला आवडतं, म्हणून तर आले इथे. आता बाबांना सांग, तिकीट काढू देत, काय करायचं ते करा."

 आज गाळणीचा आवाज नव्हता.

"माहितेय मला," आई म्हणाली.

"काय माहितेय?"

"अगं, सोबत माणूस असलं की मागून आवाज येतो. कुणी खोकतं, हसतं, 'आंटी, हॅलो' म्हणतं. तुझ्यामागे कधी काही नसायचं. मला काय कळत नाही का?"

"मग रोज विचारत का होतीस?"

"तू 'आहे' म्हणायचीस ना, ते ऐकायला." ती म्हणाली. "फोन ठेवला की मी गॅसपाशी उभी राहून रोज म्हणायचे, असू दे. खरंच असू दे कुणीतरी तिच्यासोबत. दार उघडून द्यायला, शेजारी बसायला. अगदी मनापासून म्हणायचे हं. हसशील तू."

मी हसले नाही. जिन्याचा कठडा घट्ट धरला होता.

"आई," मी म्हणाले, "आता नको म्हणूस."

"काय?"

"ते. असू दे कुणीतरी, असं. नको म्हणूस. मी नीट चालते. मला काही होत नाही. प्लीज."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"बरं," म्हणाली. "नाही म्हणणार. चालतेस ना नीट, मग चाल एकटी. बाबांचं मी बघते. पण फोन बंद करायचा नाही पुन्हा असा. कळलं?"

"कळलं."

"आणि खोटं बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

७

पुढच्या आठवड्यात नियम पुन्हा चालवला तेव्हा माझी ओळ मोजणीत होती. आला, गेला, थांबला. सोबत: शून्य.

गंमत बघा. माणसं मोजू नका म्हणून भांडणारी मी, त्या शून्याकडे बघून मला रडू येईल की काय असं झालं. मी एक माणूस होते. अख्खी एक. दुसरा पत्ता कच्च्या हाकांमध्ये अधूनमधून उमटायचा, माझ्या पत्त्याबरोबर, कधी आधी, कधी मागून. कुठल्याही फोनचा उमटावा तसा. मी क्षितिजला दाखवला. त्यानं सुस्कारा टाकला आणि "घड्याळं नीट केली मी डब्यांची," असं म्हणाला. केली असतील. मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात एका मोठ्या कंपनीच्या फोनांनी आमचा धंदाच बुडवला. खिशात झोपलेला असला की फोन हाका मारताना खरा पत्ता सांगेना, दर वेळी नवाच बनवलेला, खोटा. हळूहळू बाकीचेही तेच करणार हे उघड होतं. निशिकांत डोकं धरून बसले. "एका माणसाचे चाळीस होतायत," ते म्हणाले. "आता मोजायचं काय?" मी खाली जाऊन सगळ्यांसाठी केक आणला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, केकचा तुकडा उचलला आणि म्हणाले, "हस, हस. तुझे दिवस आलेत." पण ते रागावले नव्हते. दिवाळीपर्यंत आम्ही कारंज्यांतलं पाणी मोजायच्या कामाला लागलो होतो आणि मला वाटतं त्यांनाही बरंच वाटत होतं.

मी तसला एक नवा फोन घेतला. माझ्या खिशातून आता खोटी नावं बाहेर पडतात, आणि मी आईला खरं सांगते.

परवा एलआरटीत तिचा फोन आला.

"निघालीस?"

"पोचतेय."

"काय जेवणार आहेस?"

"भात आहे कालचा. फोडणी देईन."

"एकटीच ना?"

"एकटीच."

"बरं," ती म्हणाली, आणि गाळणी आपटली.

काचा पांढऱ्या झाल्या. मी बघितलं. एकच सावली, माझी. शेजारी एक शाळकरी मुलगी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती, ती पुढे वाकून बुटाची नाडी बांधत होती. ती सरळ झाली तेव्हा तिचीही सावली पडली, आणि त्यात घाबरण्यासारखं काहीच नव्हतं.

ब्लॉकखाली आले. लिफ्ट वर होती. बटण दाबलं, ती खाली आली, दार उघडलं, मी आत गेले आणि नऊचं बटण दाबलं. आणि मग, विचार न करता, दुसऱ्या हातानं दार मिटू न देणारं बटण दाबून धरलं. बाहेरची फरशी बघत. थोडा वेळ.

कुणी आलं नाही.

मी बोट उचललं, आणि दार मिटलं.